गाडी निजवणारे काका

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला की डेट्रॉइटच्या आसपासच्या आमच्या मराठी वस्तीत चार-पाच घरांवर सुतक उतरतं. दारातला आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, फराळाच्या डब्यात चिवड्याचा चुरा उरलेला असतो, आणि गॅरेजचं दार अर्धं वर करून साठी ओलांडलेला एक गृहस्थ आत पाठमोरा उभा असतो. त्या दिवशी त्याच्याशी मोठ्यानं बोलायचं नसतं. तो गाडी निजवत असतो.

ही जमात नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात आढळते. ओळखायला सोपी. सत्तर-ऐंशीच्या दशकात दोन बॅगा घेऊन आलेला इंजिनीअर. तीसेक वर्षं मोटारीच्या एकाच सुट्या भागावर काढलेली. कोणी दाराची बिजागरी, कोणी वायपर. आयुष्यभर करड्या रंगाची, चार दारांची, समंजस गाडी चालवलेली. आणि निरोप समारंभानंतर सहा महिन्यांच्या आत बायकोला न विचारता घेतलेली एक जुनी, तांबडी, छत उघडणारी गाडी. बायकोला विचारून घेतली असेल तर तो या जमातीतला नव्हे.

आमचे काका वायरिंगमधले. मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणतात. गाडीतल्या वायरींचे जुडगे, म्हणजे त्यांच्या भाषेत हार्नेस, कुठून कुठं न्यायचे हे ठरवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. सांगलीच्या वालचंद कॉलेजात असताना त्यांनी वसतिगृहाच्या भिंतीवर एका अमेरिकन मासिकातलं मस्टँगचं चित्र मेसमधल्या भातानं चिकटवलं होतं. ती गाडी १७ एप्रिल १९६४ ला लोकांसमोर आली. ज्या डिअरबॉर्नमध्ये ती बनली, ते काकांच्या घरापासून अर्ध्या तासावर. पण तेवढं अंतर कापायला काकांना चाळीस वर्षं लागली. त्यांची १९६६ सालची. काकू तिचं नाव घेत नाहीत. "तिला आंघोळ घातली का?", "तिच्यावर पांघरूण घातलं का?" असं सवतीबद्दल बोलावं तसं बोलतात.

निजवायची कशाला, तर मिठापायी. इथं बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ ओततात, आणि मिठाला तोटा नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. हे मीठ लागलं की जुना पत्रा पापडासारखा होतो. म्हणून एप्रिलपर्यंत गाडीनं घराबाहेर पडायचं नाही. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध, इंजिनात ताजं तेल, टायरांत थोडी जास्त हवा, बॅटरीला सलाइनसारखा थेंब थेंब चार्जर. हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर वसंतात सुटत नाही. एवढं बारापर्यंत उरकतं. मग पोहे होतात. आणि पोह्यांनंतर काका आवाज खाली आणून मूळ विषयाला हात घालतात.

उंदीर.

इथला उंदीर म्हणजे आपल्या बोळातली घूस नव्हे. पांढऱ्या पायांचा, पांढऱ्या पोटाचा, काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांचा, वजनानं जेमतेम दोन तोळे. काकूंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या "अगंबाई, किती गोड" म्हणून गेल्या. काकांनी ते अजून मनात ठेवलं आहे. थंडी पडू लागली की या प्राण्याला कोरडी, अंधारी, सहा महिने कोणी हलवणार नाही अशी जागा हवी असते. काका दरवर्षी नेमकी तशीच जागा तयार करतात आणि वर सुती पांघरूण घालतात.

मोटार कंपन्यांत एक पद्धत आहे. काय काय बिघडू शकेल याची यादी करायची. प्रत्येक बिघाडाला गांभीर्याचे दहापैकी गुण, तो किती वेळा होतो याचे दहापैकी, आणि वेळीच ध्यानात येणं किती अवघड याचे दहापैकी. तिन्हींचा गुणाकार जितका मोठा तितका धोका मोठा. काकांनी उंदराचा तक्ता केला: नऊ, दहा, आठ, एकूण ७२०. तो तक्ता फ्रिजवर लावलेला आहे. काकूंनी त्याखाली पेन्सिलीनं एक ओळ वाढवली आहे: "घोरणे: १०, १०, १. एकूण १००." काकांनी ती खोडलेली नाही. पद्धत बरोबर आहे, म्हणतात.

ज्या भोकातून पेन्सिल जाते त्यातून उंदीर जातो, हा काकांचा मूलमंत्र. त्या दिवशी ते कानावर पेन्सिल ठेवून गाडीखाली सरपटतात आणि जिथं तिथं ती खुपसून बघतात. मी बॅटरी धरायला असतो. गेली आठ वर्षं माझं या गाडीतलं योगदान उजेड पाडण्याचं आहे.

इलाजांचा इतिहास मात्र सविस्तर सांगायला हवा. पहिल्या वर्षी डांबरगोळ्या. उंदरांवर काय परिणाम झाला कोण जाणे, पण वास ऑगस्टपर्यंत हलला नाही. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. तिथं काका छत उघडून निघाले तरी शेजारच्या गाडीतला माणूस काच वर करत होता. काकू म्हणाल्या, "आईच्या ट्रंकेत शालूशेजारी बसल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या वर्षी कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात ते सुवासिक कागद. उंदरांनी ते फाडून अंथरुणात घेतले. तिसऱ्या वर्षी उग्र वासाच्या साबणाच्या वड्या. एप्रिलमध्ये त्यांवर दातांची नक्षी निघाली. मग पुदिन्याच्या तेलाचे बोळे. दोन-तीन आठवड्यांत तेल उडालं, कापूस तेवढा राहिला, आणि थंडीत कापसाचं काय करतात ते उंदराला शिकवावं लागत नाही. मग माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र आलं. असल्या यंत्रांच्या जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ सालीच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती, हे मी काकांना छापून दाखवलं. "आयोगाकडे मस्टँग नाही," काका म्हणाले. यंत्र अजून प्लगमध्ये आहे. त्याचा हिरवा दिवा लागतो, तेवढ्यानं काकांना झोप येते.

पाचव्या वर्षी इलाज आपल्या मातीतला निघाला. मंडळातल्या एका कोल्हापूरकरांनी गावाहून आणलेला कांदा-लसूण मसाला दिला, अर्धा किलो. काकांनी चारही चाकांभोवती त्याची बोटभर जाड लक्ष्मणरेषा ओढली. मी शिंकत शिंकत बॅटरी धरली. जानेवारीतल्या एका सकाळी काकूंची हाक आली म्हणून आम्ही गॅरेजमध्ये धावलो. फिक्या रंगाच्या पांघरुणावर, डाव्या चाकापासून बॉनेटपर्यंत, नखाएवढ्या तांबड्या पावलांची ओळ उमटली होती; इतकी रेखीव, की लक्ष्मीपूजनाला काढावी. काकू थक्क होऊन म्हणाल्या, "अहो, लक्ष्मीची पावलं!" काका खाली वाकले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सगळी आत जाणारी होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

त्या मसाल्याचा उपयोग झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पावलांचा माग काढत काका वाटेपर्यंत पोचले: समोरच्या काचेखाली हवा आत घेणारी जी जाळीदार खाच असते, तिथून थेट हीटरच्या पेटीत. पुढच्या हिवाळ्यापासून तिथं बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसते, आणि मागच्या धुराच्या नळीत तारेच्या घासणीचा बोळा. एका एप्रिलमध्ये तो बोळा काढायचाच राहिला. काकांनी इंजिन सुरू केलं, गाडी घुसमटली, काकांनी जोर दिला, आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज होऊन बोळा रस्ता ओलांडून समोरच्या अमेरिकन आजोबांच्या ट्युलिपांत जाऊन पडला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून स्टिअरिंगला लाल फितीनं तेवीस मुद्द्यांची यादी बांधलेली असते.

या सगळ्यात पोलिसाच्या घरी चोरी व्हावी तसं झालं ते वायरींचं. पुढच्या दिव्यांकडे जाणारा अख्खा जुडगा उंदरांनी कुरतडला. मंडळात एकानं आपली माहिती पुरवली, की हल्ली वायरींचं आवरण सोयाबीनपासून करतात, म्हणून उंदीर खातात. काकांचा पारा चढला. "१९६६ च्या वायरीत कुठलं आलं सोयाबीन? उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात; तो भुकेनं नाही, झिजवायला कुरतडतो." बोलता बोलता हेन्री फोर्डवर गाडी गेली. त्यानं १९४१ मध्ये याच डिअरबॉर्नमध्ये सोयाबीन वापरून केलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांची मोटार लोकांना दाखवली होती. "ती बाजारात आली असती तर?" असं विचारून काका बराच वेळ गप्प बसले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना उंदरांची दया आली असावी.

आता कोणी विचारील, साधा सापळा का लावत नाही? भिंतीलगत खटक्याचा सापळा, त्यावर पीनट बटरचा ठिपका. याहून खात्रीचा उपाय नाही, हे काका जाणतात. पण काकू आड येतात. "गणपतीचं वाहन आहे ते."

"आणि हे कुणाचं वाहन आहे?" काका गाडीकडे हात करतात.

डॅशबोर्डवर चार बोटांचा पितळी गणपती आहे, पायाशी मोदक धरलेला उंदीर. काकांनी एकदा तेवढा उंदीर वेगळा होतो का ते पेचकस लावून पाहिलं. मूर्ती एकसंध ओतीव आहे.

गेल्या एप्रिलमध्ये सगळा उलगडा झाला. काकांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनावरचं एअर फिल्टरचं ताटाएवढं गोल झाकण उचललं. आत काळ्याभोर सूर्यफुलाच्या बिया, काठापर्यंत, पोत्यात भराव्यात तशा भरलेल्या. एक फुटलेली नाही, एक सोललेली नाही. काकांनी त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या: पाऊण किलो. आणि मग त्यांची नजर सावकाश बंपरपासून चार फुटांवरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं काकूंची पाखरांसाठीची दाण्यांची चाळीस पौंडी पिशवी उभी होती, बुडाशी पेन्सिल जाईल एवढं भोक पडलेली. काकू हिवाळाभर लाल कार्डिनल पक्ष्यांना दाणे घालतात. सहा महिने काकूंनी पुण्य जोडलं होतं आणि ते रात्रपाळीनं काकांच्या खात्यात जमा होत होतं.

काकूंनी ढिगाकडे पाहिलं. "वाया नाही ना गेले? पाखरांना चालतील."

फिल्टरच्या नळीवर जाळी कशी नव्हती, हा प्रश्न काकांनी मला तीनदा विचारला. यादीतला तो एकोणिसावा मुद्दा. त्यापुढं बरोबरची खूण होती. ती खूण माझ्या हातची, पोह्यांच्या घाईत केलेली. हे मी आजच कबूल करतो आहे.

हीटरच्या पेटीचं अजून बाकी होतं. उंदराचं घरटं कोरडं झाडायचं नसतं. त्यांच्या लेंड्या-मुतातून हंताव्हायरस पसरू शकतो, म्हणून ब्लीचच्या पाण्यानं भिजवून, हातमोजे घालून उचलायचं. काकांना हे पाठ आहे. यादीतही आहे. पण गारठा होता, आणि सवयीनं त्यांचा हात पंख्याच्या खटक्यावर गेला. पुढच्या क्षणी दोन्ही झरोक्यांतून सीटचा कापूस आणि कागदाचा कपटा आमच्या तोंडावर उडाला. आम्ही नाक दाबून दोन बाजूंनी बाहेर पळालो. कागद ओळखीचा वाटला. मंडळाची दिवाळी स्मरणिका, समोरच्या खणात राहिलेली. तिच्यात माझा आठ पानी लेख होता. माझ्या कोटाच्या बाहीवर एक तुकडा चिकटला होता. त्यावर "क्रमशः" एवढाच शब्द शाबूत होता. म्हणजे कोणीतरी शेवटच्या पानापर्यंत पोचलं होतं. मंडळात तसं म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

यंदा दाणे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तळघरात गेले आहेत. डबा काकांनी आणला, झाकण काकूंनी पसंत केलं. नळीवरची जाळी काका स्वतः बसवणार आहेत. गाडी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आत जाईल, बाराला पोहे आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी जरूर यावं, बॅटरी धरायला माणूस कमीच पडतो. येताना खिशात शेंगदाणे, चिवडा किंवा मंडळाची स्मरणिका तेवढी आणू नये. गॅरेजच्या दारात काकू खिसे तपासणार आहेत.