गवताला शेक, छताला गळती

"आलासा व्हय वैनी? काल राती माडीवर दिवा दिसला. म्हटलं, आले जणू विलायतवाले."

"परवाच आलो, अक्का. अजून झोप उलटीसुलटीच हाय. ही वाटी धरा आधी, तुमच्या नातवाला चॉकलेटं. आणि तुमच्या मालकांच्या कानावर घालू नका, आमच्या ह्यांनी मँचेस्टरात पार इज्जत घालवली बघा."

"काय केलं ओ भावजींनी?"

"सांगतो की. पोरगा म्हणाला, उद्या ओल्ड ट्रॅफर्ड बघायला जाऊ. हे पहाटे पाचला अंघोळ करून, कपाळाला गंध लावून तयार! पोराच्या डोक्यात मँचेस्टर युनायटेडचं, फुटबॉलचं; ह्यांच्या डोक्यात क्रिकेटचं. आता त्या गावात ओल्ड ट्रॅफर्ड हायतच दोन, त्याला कोण काय करणार? ट्राममधनं उतरलो तर समोर क्रिकेटचंच मैदान. हे थेट गेटाला जाऊन चिकटले. म्हणे, नव्वद साली सचिननं पहिलं कसोटी शतक हितंच ठोकलं, ११९ नाबाद, सतरा वर्षांचं पोरगं! वर आपल्या मुंबईच्या फारुख इंजिनिअरचं नाव, क्लाइव्ह लॉइडच्या जोडीनं, तिथल्या एका स्टँडला दिलंय. मग काय, हलायलाच तयार न्हाईत. पोरगा बिचारा घड्याळ बघतोय. बाबा, तिकिटं फुटबॉलची काढल्यात, अजून पुढं चालत जायचंय!"

"मॅच होती व्हय?"

"कुठली मॅच? रिकामं स्टेडियम बघायला पैसे मोजून तिकीट. मला पण तुमच्यागतच वाटलं. आपल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की आरडाओरडा आपल्याला घरात बसून ऐकू येतो, फुकटात. आणि हितं आवाज न्हाई, माणूस न्हाई, नुसत्या लाल खुर्च्या. पण अक्का, आत गेलो आणि गप्पच झालो. चौऱ्याहत्तर हजार माणूस बसतंय. अर्धी पेठ त्या एका बाजूच्या गॅलरीत मावंल."

"आणि ती खेळाडूंची खोली दावली का?"

"दावली. खुंटीला एकेकाचा शर्ट अडकवलेला. म्हटलं घामाचा वास येईल, तर फरशी आपल्या देवघरापेक्षा लख्ख. पण खरी मजा गवताची. गॅलऱ्या एवढ्या उंच की गवताला ऊनच लागत न्हाई. मग चाकांवरचे हे मोठाले दिवे आणून त्याच्यावर लावत्यात. आणि खाली मातीत गरम पाण्याच्या नळ्या, थंडीत गवत गोठू नये म्हणून."

"बाई! बाळंतिणीला शेक देत्यात तसं?"

"तस्संच! आणि आमचे हे वाकले की त्याच बाळंतिणीला हात लावायला. ते दावणारे म्हातारबा लांबनं ओरडले, 'सर!' अख्खी रांग वळून बघायली. मी आपला पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं."

"हात लावू देत न्हाईत?"

"बोट सुदिक न्हाई. पण म्हातारबा माणूस भला. ह्यांना वाईट वाटलं असंल म्हणून नंतर ह्यांनाच जवळ घेऊन सगळं सांगत होते. लढाईत, १९४१ साली, जर्मनांनी बाँब टाकून ते मैदान उद्ध्वस्त केलं. मग ४९ पर्यंत युनायटेडच्या मॅचा कुठं, तर मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, भाडं देऊन! म्हंजे ज्यांच्याशी उभा दावा, त्यांच्याच दारात."

"जावेच्या घरात चूल मांडल्यागत."

"आठ वर्सं मांडली. जुन्यातला म्हंजे मधला बोगदा तेवढा राहिला, १९१० सालचा. त्यातनं पूर्वी खेळाडू मैदानात जायचे. आता त्याला म्युनिकचं नाव हाय."

"म्युनिक ते जर्मनीतलं न्हवं?"

"तेच. बाहेर भिंतीवर एक घड्याळ लावलंय, त्याच्यावर तारीख, ६ फेब्रुवारी १९५८. युनायटेडची पोरं बेलग्रेडला मॅच खेळून परत येत होती. विमान म्युनिकला तेल भरायला थांबलं. बर्फ पडत होता. दोनदा उडायचं जमलं न्हाई, तिसऱ्यांदा गेलं ते कुंपणाच्या पलीकडं. तेवीस माणसं गेली, त्यातले आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स म्हणून एक, एकवीस वर्षांचा. पंधरा दिवस दवाखान्यात झुंजला, मग गेला. आपला धाकटा आता एकवीसचाच की ओ."

"..."

"त्याच संघातला बॉबी चार्ल्टन वाचला. त्यानंच म्हणे त्या मैदानाला स्वप्नांचं थिएटर असं नाव पाडलं. दर ६ फेब्रुवारीला माणसं येऊन तिथं गप उभी राहत्यात, थंडीत. म्हातारबा सांगत होते तेव्हा आमचे हे पण गप. एकदा पण सचिनचं नाव काढलं न्हाई."

"एवढं मोठं ते, पैसा तर बक्कळ असणार."

"पैसा हाय, पण छत गळतंय!"

"काय सांगता!"

"खोटं बोलत न्हाई. मे २०२४ ला आर्सेनलशी हरले, आणि पावसानं छताच्या कोपऱ्यातनं पन्हाळ लागल्यागत धार. पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दावला. मी म्हटलं, एवढ्या गवताला दिवे लावतासा, जरा वर चढून बघा की. आपण मिरगाच्या आधी कौलं शेकारून घेतोच न्हवं?"

"मग? दुरुस्ती?"

"दुरुस्ती कुठली, नवंच बांधायचं म्हणत्यात. शेजारीच, एक लाख माणसांचं, वर छत्रीसारखं छप्पर. दोन अब्ज पौंड लागणार म्हणे."

"आणि जुनं?"

"पोरगा म्हणतो, पाडतील बहुतेक. मी त्याला विचारलं, मग ते घड्याळ कुठं नेणार? म्हणाला, काढून नव्याला लावतील."

"आणि बोगदा?"

"बोगदा कसा काढून नेणार, अक्का... वाटी आत न्या, उन्हानं चॉकलेटं वितळायल्यात."