भिंतीतला दणका

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरात नळातून आवाज आला की लोक बादल्या घेऊन धावतात. भिंतीतून आला की चपला शोधतात. यात भित्रेपणा नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत-औंढ्याकडे, जमिनीतून गूढ आवाज येण्याचं वर्षानुवर्षं चालूच आहे. 21 मार्च 2024 च्या सकाळी तिकडे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. अशा मुलखात मोरीच्या भिंतीतून ‘धाड्’ झालं, तर माणूस पाना हातात घेणार तो अंगणात जाऊन आल्यावरच.

आमचा दणका भूगर्भातला नाही हे लवकर कळलं, कारण कुणी नळ बंद केल्यावर भूकंप होत नसतो. मग निदानं सुरू झाली. आई म्हणाली, “भिंतीत घूस शिरली असंल.” शेजारच्या काकांनी भिंतीला कान लावला आणि म्हणाले, “हवा धरली. दुसरं काही नाही.” काका पाठदुखीलाही हेच निदान करतात. इथं मात्र ते निम्मे बरोबर होते. नळाला पाणी रोज येत नाही. मधल्या काळात पाइप रिकामा होतो, हवा भरते आणि पाणी सुटलं की आधी ती फुरफुरत बाहेर पडते. पण हवा फुरफुरते, ठोसे मारत नाही.

ठोसा बसतो तो धावतं पाणी एकाएकी अडवल्यावर. भरल्या एसटीला ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला की मागचे पुढच्यांवर आदळतात, तसं. निकोलाय झुकोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1897-98 मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं चाललेलं पाणी क्षणात थांबवलं, तर शंभर मीटरहून उंच टाकीचा असावा एवढा दाब क्षणभर तयार होतो. प्लास्टिकच्या पाइपात तो बराच कमी, पण सैल पाइप भिंतीवर आपटायला तेवढा पुरतो. झुकोव्स्कीच्याही शंभर वर्षं आधी, बलूनवाल्या माँगोल्फिए बंधूंपैकी एकानं याच दणक्यावर पाणी वर चढवणारा, विजेशिवाय चालणारा पंप बनवला होता. लाइटचं काही खरं नसलेल्या गावाला हे वाचून हेवा वाटणारच.

खरा गुन्हेगार सापडायला अख्खं घर लागतं. एकानं नळ उघडायचा-मिटायचा, दुसऱ्यानं पाइपावर तळहात ठेवून सरकत जायचं, तिसऱ्यानं “आता इथं येऊलालाय बघा!” म्हणून ओरडायचं. तिसऱ्याचा उपयोग शून्य, पण उमेदवार सर्वांत जास्त. आवाज पाइपातून लांब पळतो, त्यामुळं दणका मोरीत आणि निसटलेला क्लॅम्प जिन्याखाली, असं असू शकतं. क्लॅम्प घट्ट करून आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घातली की बरीच भिंत गप्प होते. टाकी भरत आल्यावर दणादण वाजत असेल तर वर जाऊन बॉल कॉक पाहावा. पाण्याच्या लाटांवर त्याचा गोळा हेलकावतो आणि तो उघडझाप करत बसतो. बहुधा वॉशर झिजलेला असतो. आणि बोअरची मोटर बंद होताना एकच मोठा दणका बसत असेल, तर वर चढलेलं पाणी मागं फिरून नॉन रिटर्न वॉल्व्हची झडप आपटतंय. लाइट अचानक गेली की हा हमखास ऐकू येतो. म्हणजे अंधार आणि दणका एकदमच. आई अशा वेळी देवाचं नाव घेते, मी पाणी मागं फिरायच्या आत मिटणाऱ्या स्प्रिंगच्या वॉल्व्हचं.

पण सगळ्यांत स्वस्त इलाज नळ हळू बंद करण्याचा आहे. जुना पितळी नळ चांगले तीन-चार फेरे घ्यायचा, त्यामुळं आडदांड माणूसही आपोआप सभ्य व्हायचा. नवा चकचकीत नळ पाव फेऱ्यात मिटतो. वॉशिंग मशीनचा वॉल्व्ह तर त्याहून झटपट मिटतो, आणि त्याला समजावणार कोण? फुकटच्या इलाजावर कुणाचा विश्वास नाही, हीही अडचण आहे. मिस्त्री तो सांगत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. “हळू फिरवा” म्हणण्याची मजुरी कुणी दिली असती?

घरच्यांना आता सवय लागली आहे. पाहुण्यांचा प्रश्न उरतो. महाशिवरात्रीला आमच्या गावच्या परमेश्वराची यात्रा भरते, तेव्हा अवश्य या. जेवण आहे, गादी आहे, आंघोळीला गरम पाणी आहे. फक्त मोरीतला नळ जरा हळू मिटा.