ओनान, ओनाफ आणि नाना

नाना माणसांची वर्गवारी ट्रान्सफॉर्मरसारखी करतात. चिडला तरी आपला आपण निवणारा तो ‘ओनान’: यात तेलही आपसूक फिरतं, हवाही आपसूक. पंखे लावल्याशिवाय निवतच नाही तो ‘ओनाफ’. काकू ओनाफ. हे त्यांच्यासमोर बोलायची हिंमत मात्र नानांना अजून झालेली नाही.

नोकरी सगळी भोपाळच्या भेलमध्ये, ट्रान्सफॉर्मर विभागात गेली. बरखेड्यातलं क्वार्टर आता मुलाच्या नावावर आहे. पत्र्याच्या शेडवर ताबा नानांचा. अशी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. 1960 साली नेहरूंनी ज्या कारखान्याचं उद्घाटन केलं, त्यानं यंत्रांबरोबर ही एक जातही तयार केली. तापलेली वस्तू यांना बघवत नाही. नाना चहा बशीत ओततात, तो पृष्ठभाग वाढावा म्हणून.

सध्याचा पेशंट जुनी मारुती 800. तिच्या 796 सीसीच्या इंजिनावर नानांनी कुठल्याशा जपानी गाडीतून निघालेला, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर चढवलाय. (मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम असल्या कारभाराच्या विरोधात आहे. नानांना ते पाठ आहे.) हवा दाबली की तापते. मे महिन्यातली 42 अंशांची हवा दीडपट दाबली, तर कागदावरच ती ऐंशीला जाते. असल्या ब्लोअरमधून प्रत्यक्षात शंभरीही ओलांडते. मग सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी आपणच पेटतं आणि इंजिन खटखटायला लागतं.

जग अशा वेळी इंटरकूलर लावतं. पण नानांचा कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी. म्हणजे आतून जाते ती पेट्रोल मिसळलेली हवा. ती थंड नळ्यांतून खेळवली तर पेट्रोल भिंतींना चिकटणार, आणि उलटा भडका उडाला तर विचारायलाच नको. म्हणून पाण्याचे तुषार. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता लागते, ती या हवेतूनच काढून घ्यायची. “आपला कूलर दुसरं काय करतो हो?”

सामान घरचंच. वायपरच्या पाण्याची बाटली, पितळी नोझल, आणि 12 व्होल्टचा पंप, जो परवापर्यंत काकूंच्या गुलाबांवर फवारणी करायचा. पाणी बॅटरीचं, डिस्टिल्ड. नाहीतर नोझलच्या भोकात क्षार बसतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं पाण्यात निम्मं मिथेनॉल घालत, हे नाना रंगवून सांगतात, पण इथे ते चालणार नाही. नावात ‘मिथ’ असलेलं काहीही घरात आणायचं नाही, हा काकूंचा 1984 पासूनचा नियम आहे आणि त्यावर नानाही वाद घालत नाहीत.

नानांचं खरं प्रेम 1962 च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरवर. त्या अमेरिकन गाडीत टर्बो होता, आणि पाणी-मिथेनॉलची टाकी मालकानं भरायची होती. मालक विसरायचे, गाडी मरगळायची, शेवटी कंपनीनंच पुष्कळ गाड्यांवरचा टर्बो उतरवून दिला. “टाकी भरायला विसरतात म्हणजे काय!” नाना आजही संतापतात, पूर्ण ओनाफ होऊन.

स्वतः ते रोज सकाळी टोपण काढून पातळी बघतात. पातळी हलत नाही. कारण पंप सुरू होतो प्रेशर स्विचनं, दाब येतो ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर, आणि गाडी जाते विजय मार्केटपर्यंत. वाटेत स्पीडब्रेकर इतके, की गाडी तिसऱ्या गिअरात पडायच्या आत पुढचा येतो.

“पाणी अजिबात खात नाही,” नाना अभिमानानं सांगतात.

“गुलाबांवर मावा पडलाय,” काकू आतून सांगतात.

मुलानं एकदा सुचवलं, बाबा, पहाटे रायसेन रोडला नेऊन जरा जोरात दाबून बघू. नाना दचकले.

“अरे, मग ती तापेल ना!”