लोडकाका

आमच्या सोसायटीत कोणी कोणाला "लोड घेऊ नकोस" असं म्हणत नाही. म्हटलं आणि ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, तर पाच मिनिटांत टेप, वही आणि जवळचा चष्मा घेऊन लोडकाका जिना उतरलेले असतात. "घेतल्याशिवाय कसं चालेल? खोली कुठली?"

काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त कुरियरवाले वाचतात. ३४ वर्षं त्यांनी मुंबईत एका सल्लागार कंपनीत काढली आणि तिथं एकच काम केलं, लोड काढायचं. सिनेमा थिएटर असो की ऑपरेशन थिएटर, नकाशा टेबलावर आला की त्या खोलीत बाहेरून किती उष्णता शिरते आणि आतल्या आत किती तयार होते, याचा हिशेब मांडायचा. त्याचं नाव हीट लोड. पुढं मशीन निवडणारे वेगळे, डक्ट टाकणारे वेगळे आणि उद्घाटनाला पेढे खाणारे तर अगदीच वेगळे. काका तोवर पुढच्या नकाशात. निवृत्त होऊन पुण्याला आले तेव्हा नकाशे यायचे थांबले, आणि मग आम्ही सापडलो.

निवृत्त इंजिनिअर प्रत्येक सोसायटीत असतात. सिव्हिलवाला भिंतीवर टिचक्या मारत फिरतो, इलेक्ट्रिकलवाला मीटरच्या खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवतो. त्यांचा त्रास वास्तूला. एसीवाला मात्र सरळ तुमच्याकडे बघतो आणि तुमचा आकडा करतो.

हे मला पहिल्यांदा कळलं तळमजल्यावरच्या सत्यनारायणाला. हॉल भरलेला, समया पेटलेल्या, आत शिऱ्याचा रवा भाजायला घेतलेला. तिसरा अध्याय चालू असताना काका माझ्या कानाशी लागले. "पाऊण टन माणसं बसलीत."

मी दचकून आजूबाजूला पाहिलं. तसे दोनचार जण होते वजनदार, पण तरी.

"वजन नाही रे. बावीस डोकी. स्वस्थ बसलेला माणूस ११५ वॉट. गुरुजींना १३० धर, त्यांचे हातवारे चाललेत. अडीच हजाराच्या वर गेलं. टन म्हणजे ३५१७ वॉट. म्हणजे पाऊण टन झालाच की."

"काका, अध्याय चाललाय."

"त्या ११५ मधले ७० सेन्सिबल, ते थर्मामीटरवर दिसतात. उरलेले ४५ लेटंट, घामाची नि श्वासाची वाफ." मग हात जोडून, कथेकडे बघत, "कितीही सेन्सिबल माणूस असला तरी त्याच्यात लेटंट असतोच."

त्या दिवसापासून लिफ्टमध्ये मी, काका आणि दोन पाहुणे असलो की मला आपण ४६० वॉट आहोत असंच वाटतं.

काकांच्या घरी कालनिर्णयच्या शेजारच्या खिळ्याला सायक्रोमेट्रिक चार्ट टांगलेला आहे. हवेचं तापमान, तिच्यातलं बाष्प, सगळं एका कागदावर, वाकड्या रेघांच्या जाळीत. तो पाहून काका हवेची कुंडली सांगतात. कालनिर्णय भरल्यावर काकूंनी दुधाचा हिशेब चार्टच्या कोऱ्या कोपऱ्यात चढवायला सुरुवात केली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. काकू शांत बाई. त्यांचं काकांबद्दलचं मत मी एकदाच ऐकलंय. "चौतीस वर्षं ह्यांनी जगाचा लोड काढला. घरातला एकदाही उचलला नाही."

त्यांच्याकडे एक खुळखुळाही आहे. म्हणजे आम्हाला खुळखुळा, शास्त्रात स्लिंग सायक्रोमीटर. एका पट्टीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या टोकाला ओली वात. मुठीत दांडा धरून तो गोफणीसारखा गरागरा फिरवायचा. वातीतलं पाणी उडतं, तो थर्मामीटर गार पडतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवा किती दमट ते कळतं. हा प्रयोग काका पार्किंगमध्ये करतात. नवा वॉचमन पहिल्या दिवशी गाडीमागं जाऊन बसला होता. पक्षी तर आमच्या आवारात कित्येक वर्षांत उतरलेले नाहीत.

तर, माझा एसी. पुण्याला पंखासुद्धा लागत नसे असं सांगणारी पिढी आमच्या घरातही होती. ती बैठ्या घरात राहून गेली. मी चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर, आणि झोपायची खोली पश्चिमेला. दुकानातला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "दहा बाय बारा, टॉप फ्लोअर, वेस्ट? दीड टन घेऊन टाका सर." चार सेकंदं लागली असतील. हे मी जिन्यात काकांना सांगितलं, ही माझी चूक.

"दीड? कुठून काढला?"

"त्यानं अंदाजे..."

"अंदाजे!" काकांनी कठड्याला धरलं. लाच, व्यभिचार वगैरे शब्द लोक ज्या आवाजात उच्चारतात तो आवाज.

रविवारी दुपारी साडेचारला ते आले. वेळ मुद्दाम निवडलेली, तेव्हा सूर्य थेट खिडकीत असतो. हातात ई-२० नावाचा फॉर्म, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, रेघा नुसत्या अंदाजानं ओळखायच्या. (तो शब्द मी मनातच ठेवला.) आधी त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतात तसे. "आत्ता काही नाही हिच्यात. नऊ इंची वीट आहे. दुपारी ऐकलेलं ही रात्री जेवणं झाल्यावर बोलते." हे मला पटलं, कारण ते आम्ही रोज रात्री ऐकत होतो. दहा वाजता त्या भिंतीला पाठ लावली की इस्त्री केल्यासारखं होतं.

मग टेप. मग खिडकी, साडेचार बाय सहा. मग छत. मग चौकशी सुरू झाली, आणि ती कुठल्याही जनगणनेपेक्षा खोल होती.

"रात्री खोलीत किती जण?"

"दोघं. आणि मुलगा येतो मध्यरात्री."

"तीन. मे महिन्यात?"

"मेहुणा येतो."

"मुक्कामाला?"

"पंधरा दिवस."

बायको दारात उभी होती, म्हणून मी आवाज तटस्थ ठेवला. काकांनी पेन्सिल ओठाला लावून विचार केला. "मेहुण्याला डायव्हर्सिटी लावू." म्हणजे सगळे भार एकाच वेळी पूर्ण ताकदीनं येत नाहीत, म्हणून त्यांचा काही अंशच धरायचा. माझ्या मेहुण्याचं इतकं अचूक मूल्यमापन घरात आजवर कोणाला जमलं नव्हतं. बायको आत निघून गेली.

हिशेब तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी कागद आला. पश्चिमेची काच, नुसतं ऊन, १२५० वॉट. छत ९००. पश्चिमेची भिंत २३०. काचेतून हवेच्या उकाड्यानं येणारे १८५. माणसं तीन, ३४५. मेहुणा कंसात. टीव्ही, दिवे, चार्जर २००, कारण विजेवर चालणारं जे जे खोलीत आहे ते शेवटी खोलीच तापवतं. फटींतून शिरणारी हवा १४०, शेजारच्या खोलीकडून १५०. एकूण ३४००, वर १० टक्के सुरक्षिततेचे. ३७४०. भागिले ३५१७.

"१.०६ टन," काका म्हणाले. चेहरा पडलेला.

"मग बरं झालं की. दीडच घ्यायला लागेल. एकात बसत नाही."

"२२३ वॉटसाठी दीड?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या संपूर्ण राहणीची लाज वाटली. "दोन माणसांचा लोड आहे हा फक्त!"

मी नकळत घरातली माणसं मोजली.

इथं मला काका नीट कळले. मोठं मशीन सांगायला कोणाचंच काही जात नाही. दुकानदाराला विक्री, गिऱ्हाइकाला ऐट, आणि कमी पडलं अशी तक्रार म्हणून येत नाही. पण मोठं साधं मशीन पाच मिनिटांत खोली गार करतं आणि बंद पडतं; हवेतलं पाणी काढायला त्याला सवडच मिळत नाही. पावसाळ्यात अशा खोलीत माणूस गार असतो आणि चादर ओली. आता इन्व्हर्टर आले, ते स्वतःच वेग कमी करतात, तेव्हा हे दुखणं बरंच कमी झालंय, हे काका कबूल करतात. पण मुलाला नोकरी लागल्यावर त्यानं अभ्यास सोडला, हे एखादा बाप कबूल करतो तसं. त्यांचा सगळा जीव आकडा खाली आणण्यात आहे. मशीनपेक्षा खिडकीवर त्यांचा राग जास्त.

या धंद्यातला टन हा बर्फाचा, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना किमान दोनदा सांगितलेलं आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी एक टनाच्या मशीननं ओढायची. १८३३ साली बोस्टनहून तळ्यांतला बर्फ भरून एक जहाज कलकत्त्याला निघालं, टुस्कनी त्याचं नाव. चढवला होता १८० टन, चार महिन्यांनी उतरला तो सुमारे १०० टन. लोक या गोष्टीतल्या १०० टनांचं कौतुक करतात. काका ८० टनांसाठी हळहळतात. "कुठून शिरला असेल एवढा लोड?" जणू जहाजावर हे असते तर बर्फ वाढून पोचला असता. कॅरिअरबद्दलही असंच. विलिस कॅरिअरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसेनात. "एसी कागदासाठी काढला. माणसांचं नंतर सुचलं." आणि मग माझ्या खोलीकडे बघत, "कागद बरा. त्याला मेहुणा नसतो."

शेवटी काकांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. खिडकीला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा, कारण आतला पडदा लागेपर्यंत ऊन घरात आलेलं असतं. आणि गच्चीला पांढरा चुना. सेक्रेटरींनी गच्चीची परवानगी सहज दिली. एसीला मात्र खोडा घातला. दीड टन बाहेरच्या भिंतीवर टांगायचं, आणि स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं नाही! काकांनी त्यांना खुर्चीत बसवून बोस्टनपासून सुरुवात केली. तासाभरानं सही मिळाली.

नवा कागद २२८० वॉटचा निघाला. ०.६५ टन. मी दुकानात जाऊन ०.८ टनाचा एसी मागितला तेव्हा त्या मुलानं मोबाइल खाली ठेवला. सगळी हकिगत ऐकून म्हणाला, "सर, काकांनी तुम्हाला चुना लावला."

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, पाच वाजता, एसी सुरू झाला. बाहेर ४० अंश. चिकाच्या पट्ट्यांतून ऊन बारीक पिवळ्या रेघांनी येत होतं. ०.८ टन हा प्रकार बघायला सोसायटी लोटलेली. तळमजल्याचे दोघं, सेक्रेटरी, मेहुणा सहकुटुंब, आम्ही तिघं, आणि टेबलावर थर्मामीटर ठेवून काका-काकू. एसी २४ वर होता. २०२० पासून सरकारनं कंपन्यांना आधीच २४ लावून द्यायला सांगितलंय, ही काकांच्या मते स्वातंत्र्यानंतरची मोठी सुधारणा. मेहुण्यानं रिमोट उचलून १६ केलं. काकांनी काढून घेऊन २४ केलं.

पारा २९ वर आला, २८, २७. तिथं थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सेक्रेटरी छताकडे बघू लागले. मेहुणा म्हणाला, "दीडचाच घ्यायला हवा होता, भावोजी."

काकांनी उत्तर दिलं नाही. पेन्सिलच्या टोकानं एकेक डोकं मोजलं. अकरा. ओठ हलले. "१८० वॉट जास्त होतायत. दोन जण बाहेर व्हा."

कोणी हललं नाही. मेहुणा पलंगावर आणखी ऐसपैस झाला. डायव्हर्सिटी त्याला मान्य नसावी.

"चला," काका काकूंना म्हणाले.

काकू उठल्या, पदर सावरला, आणि दारातून आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लग्नाला गेलो तरी असंच होतं."

दार लागलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये त्या वेळी भट्टी असते. काचेच्या नळीत पारा दिसेल न दिसेल इतका सरकला. सगळे वाकून बघत होतो, आणि दाराच्या पलीकडून हाक आली.

"आता किती?"

"साडेसव्वीस, काका! या आत!"

"दार उघडू नकोस रे!" काका ओरडले. "तसंच सांग!"