बर्ग्यांचा घोडा पुलावर अडतो

नागपुराहून बंगालवर चाल करून जाण्याची प्रथा जुनी असून तिचा आरंभ 1742 साली रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी केला, ही गोष्ट आमच्या भाच्यास ठाऊक नव्हती; त्यास ठाऊक होते ते एवढेच की, कलकत्त्याच्या मेछुआ बाजारात नागपुरी संत्र्यास बरा भाव येतो आणि माल अडत्याच्या हवाली करण्यापेक्षा स्वतःच्या पिकअप गाडीत घालून नेला, तर मधल्या मंडळींचे खाणे तेवढे वाचते. बंगालात मराठी स्वारांस ‘बर्गी’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या बारगिरापासून निघालेला आहे. बारगीर म्हणजे ज्याच्या बुडाखालचा घोडा सरकारी तो स्वार. भाच्याची गाडी पतपेढीच्या कर्जावर घेतलेली व हप्ते अद्याप चालू. तेव्हा ज्यांचे भय घालून बंगाली आया मुलांस निजवीत आल्या, त्या बर्ग्यांचा वारस म्हणवून घेण्यास तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने सर्वथैव पात्र होता. या स्वारीत आम्ही मामा या नात्याने, म्हणजे हात न हलवता सल्ला देण्यास सदैव सिद्ध असलेल्या सरदाराच्या हुद्द्यावर, रुजू झालो.

रायपूर मागे पडते न पडते तोच गाडीने कुरकुर आरंभिली. सपाटीवर ती शहाण्यासारखी धावे. परंतु चढ दिसला, किंवा पुढच्या मालमोटारीस मागे टाकण्याची महत्त्वाकांक्षा भाच्याच्या मनात उत्पन्न झाली, की तिचा दम तुटे, आचके बसत आणि वेग बैलगाडीच्या मर्यादेत येई. “मामा, गाडी उचलत नाही,” एवढे एकच वाक्य भाचा दर तासा-दीड तासाने उच्चारी.

येथे वाचकांस या यंत्राचा अंतःपुरातील व्यवहार थोडा सांगणे प्राप्त आहे. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसते. दाबून दाबून तप्त केलेल्या हवेत तेलाचा सूक्ष्म फवारा उडवायचा आणि ते आपोआप पेटायचे, असा हा प्रकार आहे. तो फवारा नोझल उडविते, नोझलला दाब मोठा पंप पुरवितो, आणि त्या मोठ्या पंपाची तहान भागविण्यासाठी फीड पंप नावाचा एक गरीब पाणक्या टाकीतून तेल शोषून फिल्टरमार्गे वर पाठवीत असतो. पाणक्या कमी पडला की सपाटीवरचे भागते, कारण तेथे मागणीच थोडी. चढावर मात्र मोठ्या पंपाच्या घशाला कोरड पडते. या यंत्राचा जनक रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली ते ऑग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविले आणि 1913 साली इंग्लंडला जाताना तो रात्री आगबोटीवरून समुद्रात नाहीसा झाला. संत्र्यांची नाशवंत खेप घेऊन ओडिशातील एखाद्या चढावर उभे राहिले म्हणजे त्या सद्गृहस्थाच्या शेवटच्या मनःस्थितीविषयी फारसे कुतूहल उरत नाही.

वाटेत तज्ज्ञ उदंड भेटले. एकाने फिल्टर चोक झाला असे सांगून नवा बसविला, आणि गाडी तासभर वाऱ्यासारखी पळाली. संबळपुराजवळ दुसऱ्याने “लाईन एअर घेतेय” असा निवाडा देऊन नळ्यांचे सांधे आवळले, फीड पंपावरच्या हँडपंपाने एअर काढली, आणि गाडी पुन्हा तासभर पळाली. बांगरीपोशीच्या घाटात द्वारसुणी देवीपुढे ट्रकवाले नारळ फोडतात, तेथे भाच्यानेही एक फोडला. गाडी घाट सुखरूप उतरली, आणि देवीचे माहात्म्य वर्णन करण्यात आम्ही गुंतलो असतानाच पुढच्या चढावर पुन्हा गतप्राण झाली. खरगपुरातल्या मिस्त्रीने तर मोठा पंपच उतरवून उघडावा लागेल, असे सांगून जो आकडा उच्चारला, तो ऐकून आमच्याही हृदयाचा दाब क्षणभर उतरला. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, या न्यायाने प्रत्येक वैद्याच्या पदरात रोग हटविल्याचे यश पडत होते. आणि जिने खरोखर गाडीस जीवदान दिले, त्या काठीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ही काठी म्हणजे काटा बिघडल्यामुळे टाकीतले तेल मोजण्यासाठी भाच्याने बाळगलेली कळकाची कामटी. वाटेत डिझेल चोरीस जाते अशी त्याची पक्की समजूत असल्यामुळे प्रत्येक मुक्कामावर झाकण काढून कामटी बुडविल्यावाचून त्यास चहा गोड लागत नसे.

कोना मार्गावर सांत्रागाछी हे नाव वाचून आम्हांस फार धीर आला. ज्या गावाने संत्रे आपल्या नावातच बाळगले आहे, तेथून पुढे संत्र्यांचा मार्ग निष्कंटक असणार, असा शुभशकुन आम्ही वर्तविला, आणि थोड्याच वेळात विद्यासागर सेतूच्या चढावर गाडीने कायमची बसकण मारली. 1992 साली खुल्या झालेल्या या सेतूचे तारांनी तोललेले रूप खरोखर मनोहर आहे, हे मागील गाड्यांच्या भोंग्यांत आम्ही भाच्यास समजावून देऊ लागलो. त्याने ते मनावर घेतले नाही. खाली हुगळी, समोर कलकत्ता. भास्कररामांच्या घोडेस्वारांनी या नदीच्या पश्चिमतीरापर्यंत मुलूख धुंडाळला, पण शहरात पाऊल टाकले नाही. त्यांचा वारस अर्धी नदी ओलांडून मध्येच लटकलेला! पांढऱ्या गणवेषातला पोलीस सार्जंट आला, “की होलो दादा?” म्हणून त्याने चौकशी केली, आणि दोरखंडाने बांधून आमची पैलतीरी उतरवणी करविली.

हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात ज्यांच्याशी आमचा पूर्वपरिचय होता, अशा एका वृद्ध गृहस्थांनी दूरध्वनीवरून एकच शब्द सांगितला: “मलिकबाजार.” जुन्या मोटारींचे सुटे भाग आणि त्यांचे धन्वंतरी यांची ही पेठ पार्क स्ट्रीट जेथे आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यास मिळतो तेथे आहे, आणि शेजारीच जुनी ख्रिस्ती दफनभूमी असल्यामुळे आशा व निराशा या दोहोंची सोय हाकेच्या अंतरावर झालेली आहे. हा बोस रस्ता म्हणजे पूर्वीचा लोअर सर्क्युलर रोड. बर्ग्यांच्या धास्तीने 1742 साली कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्यास घेतला. तीन मैल खणून झाला तरी बर्गी येईनात, म्हणून काम सोडून दिले. पुढे त्या ‘मराठा खंदका’त शहराचा केरकचरा साठला आणि 1799 साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. न आलेल्या शत्रूसाठी केलेल्या बंदोबस्ताचे याहून चिरस्थायी स्मारक आमच्या पाहण्यात नाही. हे सर्व आम्ही तेथे पोहोचून भाच्यास सांगत असता त्या धन्वंतरींपैकी एक उस्ताद आले.

उस्ताद वयस्क, मितभाषी व लखनवी अदबीचे होते. त्यांनी प्रथम मातीच्या भांड्यातला चहा संपविला, भाच्याची सविस्तर जबानी घेतली, आणि फिल्टर, पंप, नोझल यांपैकी कशासही हात न लावता डिझेलचा एक डबा गाडीच्या कडेस टांगला. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिचे तोंड लगेच बंद केले, फीड पंपाला त्यांनी दुसरी नळी जोडली व तिचे टोक डब्यात बुडविले. गाडी सुरू झाली. तिच्यावर ओझे पडावे म्हणून त्यांनी ती मालासकट चक्क उड्डाणपुलाच्या चढावर पिटाळली, आणि गाडी लग्नाच्या घोड्यासारखी उधळत वर गेली.

“पंप बेगुनाह है,” परत आल्यावर उस्तादांनी निकाल दिला. “कसूर टंकी का है.”

मग ते टाकीपाशी उकिडवे बसले, तिच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून त्यांनी कान लावला (ज्यांनी वनस्पतींची संवेदना यंत्राने टिपून दाखविली, त्या आचार्यांच्या नावाच्या रस्त्यावर हे दृश्य विशेष शोभले), आणि झाकण हळूच फिरविले. आतून एक दीर्घ, करुण निःश्वास निघाला आणि आत खेचला गेलेला पत्रा ‘ठण्’ करून जागेवर आला. तेल जितके बाहेर जाईल तितकी हवा आत यावी म्हणून झाकणास एक श्वासछिद्र असते. ते बंद झाले की टाकीत पोकळी वाढत जाते, आणि त्या पोकळीशी रस्सीखेच करता करता बिचारा फीड पंप हरतो. झाकण उघडले की पुन्हा तासभराची निश्चिंती! भाच्याने आपल्या हातातील कामटीकडे पाहिले.

उस्तादांनी झाकणाच्या आतून सायकलच्या ट्यूबचा सुबक कापलेला, छिद्रावर घट्ट बसणारा रबरी वायसर नखाने उचकटून काढला. “यह किस साहब ने लगवाया?”

वाचकांस स्मरत असेल की, या स्वारीत सल्ल्याचे खाते आमच्याकडे होते. डिझेलच्या वासाने संत्र्यांचा स्वाद बिघडू नये, हा विचार निघण्यापूर्वी आम्हीच मांडला होता, आणि आमच्या आयुष्यात तत्काळ अमलात आलेला असा तो एकच सल्ला. भाच्याने उत्तर दिले नाही. त्याने केवळ मान वळविली.

उस्तादांनी मजुरी नाकारून चार संत्री स्वीकारली, एक सोलून चाखले आणि दार्जिलिंगचे जरा अधिक गोड असते, असे अत्यंत अदबीने नमूद केले. त्यानंतर मेछुआपर्यंतचा प्रवास, भाच्याच्या आग्रहावरून, आम्ही मागे संत्र्यांच्या पेट्यांवर बसून केला. डिझेलचा वास तेथे मुळीच येत नव्हता.