पुसेगावचे भावी नौकास्वामी

ज्या पुसेगावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे आणि ज्याच्या आसमंतातील जलवैभवाची परमावधी म्हणजे पूर्णेवरील येलदरी जलाशय, तेथील एखाद्या गृहस्थास, सोयाबीनचा भाव चढताच, सहकुटुंब जलविहारासाठी जुनी शिडाची नौका खरीदण्याची उमेद व्हावी, यात नवल नाही. माणसास ज्याची गरज नसते तेच त्याला स्वस्त वाटते. मात्र दात आणि खूर पाहिल्याखेरीज बैलाच्या कासऱ्यास हात न लावणारा हा चाणाक्ष कास्तकार नौकेचा मुआयना करताना आतील गाद्यांचे कापड आणि चिमुकली चूल पाहूनच विरघळतो. फायबरग्लासच्या कवचात पाणी मुरून आलेले फोड, तळाचा जड कणा धरून ठेवणारे गंजके बोल्ट, डोलकाठीस ताणून धरणाऱ्या झिजलेल्या तारा, यांचा उल्लेख दलालाच्या वर्णनात नसतो. आणि नौकेला सातबारा नसल्याने बोजाही तेथे दिसत नाही. खरेदीची रक्कम हा केवळ नजराणा. खरा सारा धक्क्याचे भाडे, रंग, शिडे आणि डागडुजी या सदरांखाली दरसाल वसूल होतो.

जुनी नौका सर्वस्वी त्याज्य, असे नव्हे. ‘तृष्णा’ या इंग्लंडात घेतलेल्या जुन्या ३७ फुटी नौकेने १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण तिचे खलाशी लष्करातील अभियंते होते, हा तपशील दलाल गाळतो.

तेव्हा, पुसेगावकरहो, बयाणा देण्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढवून तिचा तळ त्रयस्थ जाणकाराकडून तपासून घ्या, आणि येलदरीपर्यंतचे ट्रकभाडे कोण देणार, हे लेखी घ्या.