पट्टेकरी

मूळचा पट्टेकरी म्हणजे दांडपट्टा चालवणारा गडी. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत तो अजून पाहायला मिळतो. कोपरापर्यंतच्या लोखंडी मुठीत हात घालून तो पाते असे फिरवतो, की जमिनीवरच्या लिंबाच्या दोन फोडी होतात आणि शेजारी उभ्या माणसाला वाराही लागत नाही. येथे विचार करायचा तो त्याच नावाला शोभणाऱ्या दुसऱ्या प्राण्याचा. याचा पट्टा सुती, कमरेला बांधलेला आणि रंगाने पांढरा, फार तर पिवळा असतो. एक युद्धकला धरायची आणि तिची दुसरी परीक्षा जवळ आली की पुढची धरायची, हा त्याचा आयुष्यक्रम. तो आळशी मात्र नसतो. आळशी माणूस एकच क्लास सोडतो. हा आठ सोडतो आणि प्रत्येकाचा ड्रेस पहिल्याच दिवशी नवा घेतो.

पश्चिम महाराष्ट्रात त्याची सुरुवात बहुधा तालमीत होते. वय नऊ-दहा, वेळ पहाटे पाच. तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली तांबडी माती पाहून त्याला वाटते, आता धोबीपछाड शिकवतील. वस्ताद त्याच्या हाती खोरे देतात. हौदा खणणे हाच पहिला व्यायाम. मग जोर, मग बैठका, मग पुन्हा खोरे. डाव कधी, असे विचारले तर ‘आधी अंगात माती मुरू दे की’ असे उत्तर मिळते. चार महिन्यांत माती मुरत नाही, शंका मुरते. थोरल्या पैलवानांचे गड्ड्यासारखे सुजून घट्ट झालेले कान जवळून पाहिले की ती पक्की होते. जाताना तो एकच गोष्ट बरोबर नेतो, ती म्हणजे शड्डू. मांडीवर थाप मारून दणदणीत आवाज काढणे त्याला उत्तम जमते. शड्डूनंतर काय करायचे असते, तो भाग राहून गेलेला असतो.

कराटेकडे त्याला ब्रूस ली नेतो. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ साली पडद्यावर आला. त्याआधीच, त्याच वर्षीच्या २० जुलैला, ली वयाच्या ३२ व्या वर्षी वारला होता. तो विंग चुन शिकलेला होता आणि पुढे त्याने जीत कुन दो ही स्वतःची पद्धत काढली. कराटे ही काही त्याची विद्या नव्हे. तरी गावोगावच्या कराटे क्लासच्या पाटीवर चित्र त्याचेच असते आणि पट्टेकरी त्या चित्राखालीच नाव नोंदवतो. घरी खाटेच्या दोन मोडक्या पायांना साखळी जोडून नानचाकू तयार होतो. त्याचा पहिला फटका शत्रूला बसत नाही, स्वतःच्या कोपराला बसतो. ‘हेइआन शोदान’ या शोतोकान शैलीतल्या पहिल्या काताच्या २१ हालचालींपैकी १२ त्याला नीट येतात. उरलेल्या तो शेजारच्या मुलाकडे बघून करतो. मुलगा गैरहजर असला की हाही गैरहजर.

रंगीत पट्ट्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण या माणसाची जात त्यांच्यामुळेच वाढली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान काढून ज्यूदो उभा केला, तेव्हा हा रंगांचा पसारा नव्हता. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी मधले रंग रुळवले. काळ्या पट्ट्यापर्यंत वाट पाहायला युरोपातल्या शिष्यांना काही आमिष हवे होते. तेव्हा पट्टेकऱ्याचे मूळ गाव पॅरिस म्हणायला हरकत नाही. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत ‘शोदान’, म्हणजे आरंभाची पायरी, म्हणतात. हे कळल्यावर त्याला फार बरे वाटते. आरंभ तर तो दरवर्षी करतो.

तायक्वांदो २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकांचा खेळ झाला आणि त्याच्याही मनात देशाचा विचार आला. मांडीची शीर भरल्यावर तो विचार मागे पडला. ज्यूदोत पडायचे कसे ते आधी शिकवतात. पाडायचे कसे, ते शिकवायची वेळ येईपर्यंत तो ऐकिदोत गेलेला असतो. कळरिपयट्टूसाठी मात्र तो रजा काढून थेट केरळात जातो. ४२ फूट बाय २१ फुटांच्या कळरीत, म्हणजे तिथल्या आखाड्यात, उजवे पाऊल आधी टाकणे, जमिनीला हात लावून नमस्कार करणे, पूत्तरा या सात पायऱ्यांच्या देवस्थानापुढे वाकणे, हे सगळे तो मनापासून करतो. अंगाला तेल लावून पायांनी मालिश करतात, तेही. तलवारीपर्यंत पोचायला वर्षे जातात असे कळल्यावर त्याच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आलेली असते.

चाळिशीच्या आसपास तो ब्राझीलच्या जिउ-जित्सूला भिडतो. जपानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या घेतली आणि आपल्या वळणाची केली. यातला निळा पट्टा मिळायलाही साधारण दोन वर्षे लागतात, म्हणजे पट्टेकऱ्याच्या हिशोबाने तीन युद्धकला. गळा आवळला गेला की प्रतिस्पर्ध्याला थापटून सुटका मागायची असते. हे थापटणे त्याला पहिल्या दिवशीच साधते, आणि मांडीवरच्या जुन्या सवयीमुळे आवाजही चांगला येतो.

चार लोकांत बसला की त्याचा तिसरा पट्टा सुटतो, तोंडाचा. जपानी आणि कोरियन या दोन्ही भाषांत तो दहापर्यंत आकडे म्हणतो; अकराची गरज त्याला कधी पडलेली नसते. कुस्तीच्या फडात तो शेजारच्याला सांगतो की इथे ऐकिदोवाल्याने मनगट धरले असते. शेजारी खाशाबा जाधवांच्या गावचा निघाला, तर विषय तिथेच संपतो. खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणले, ते मनगटाच्या चर्चेतून आणलेले नाही हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच्या घरी काही वाया जात नाही. पिवळ्या पट्ट्याने माळ्यावरची गादी बांधलेली असते, पांढऱ्यांपैकी एक स्कूटरवर गॅसचा सिलिंडर आवळायला असतो आणि कराटेच्या ड्रेसची फडकी टिकाऊ म्हणून मोलकरीण तीच मागून घेते.

पन्नाशीत हाडांचे डॉक्टर त्याला पुढचा पट्टा देतात. तो फिक्या बदामी रंगाचा, रुंद, आतून पट्ट्या घातलेला असतो आणि सहा आठवडे वापरायचा असतो. परीक्षा न देता मिळालेला हा एकच पट्टा तो न चुकता बांधतो. तो बांधूनच सकाळी बागेत ताई ची करणाऱ्यांच्या कडेला उभा राहतो. चीनमध्ये १९५६ साली ठरवलेला २४ हालचालींचा सोपा क्रम तिथे चालू असतो. त्यातल्या किती पुरे होतील याचा अंदाज त्याने बांधलेला असतो, आणि पहिल्या महिन्याची फी नसते हेही विचारून घेतलेले असते.